काचपेटीतला समुद्र आणि बंगळूरचे पाणी

शहाजीराजांच्या जहागिरीचे ठाणे म्हणून बंगळूरचे नाव आपल्या इतिहासात सुपरिचित आहे. समुद्रसपाटीपासून सुमारे 900 मीटर उंचीवर वसलेले हे नगर. पूर्वकिनारा काय, पश्चिमकिनारा काय, दोन्ही येथून शेकडो किलोमीटर दूर. अशा गावी कोणी दिवाणखान्यातील हातभर लांबीच्या काचपेटीत प्रवाळांचे खारे जग उभे करू म्हणेल, तर त्याच्यापुढे पहिला प्रश्न माशांचा नसतो, पाण्याचा असतो. कोणते पाणी निर्धोक मानावे? प्रश्न घरगुती दिसतो खरा. परंतु त्याच्या उत्तरापर्यंत येण्यास माणसाला शंभराहून अधिक वर्षे लागली.

1846 साली अ‍ॅना थिन या इंग्रज बाईंनी टॉर्कीच्या किनाऱ्यावरून काही जिवंत प्रवाळ एका दगडी बरणीतून लंडनला आणले. लंडनही समुद्रापासून दूरच. आणलेले खारे पाणी शिळे होई. नवे आणवणे कष्टाचे आणि खर्चाचे. तेव्हा त्यांनी एक युक्ती योजली. उघड्या खिडकीपाशी उभे राहून मोलकरणीने तेच पाणी एका भांड्यातून दुसऱ्या भांड्यात धार धरून ओतत राहावे. पाण्याला हवा मिळाली. पुढे त्यात समुद्रवनस्पतीही सोडल्या आणि प्रवाळ सुमारे तीन वर्षे जगले. पाणी जुने झाले म्हणून निकामी होत नाही, त्याची निगा राखता येते, हा पहिला धडा त्या मोलकरणीच्या हातांनी लिहिला गेला, असे म्हणावयास हरकत नाही.

समुद्राचे पाणी आणण्याऐवजी ते घरीच करता येणार नाही का? 1854 साली फिलिप हेन्री गॉस या निसर्गशास्त्रज्ञाने तसा प्रयोग केला. साधे मीठ, मॅग्नेशियमचे दोन क्षार आणि पोटॅशियमचा एक, असे चारच क्षार त्याने गोड्या पाण्यात मिसळले. चुन्याचे क्षार मात्र वगळले. त्यांचा काही अंश लंडनच्या पाण्यात आधीच असेल, असा त्याचा अदमास होता. येथे एक गोष्ट ध्यानी घ्यावी. समुद्र बनवताना गोडे पाणीही आपल्या पदरचे काही तरी त्यात टाकतच असते. ते काय टाकते हे ठाऊक नसेल, तर सारा हिशेब अंदाजाचा ठरतो.

हिशेब पक्का होण्यास समुद्राची मोजदाद व्हावी लागली. 1872 ते 1876 या काळात ‘चॅलेंजर’ जहाजाने जगाचे महासागर पालथे घातले. त्याने आणलेले पाण्याचे 77 नमुने विल्यम डिटमार या रसायनशास्त्रज्ञाने तपासले आणि 1884 साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. खारटपणा कमी-अधिक असला, तरी मुख्य क्षारांचे परस्परांशी प्रमाण खुल्या सागरात जवळजवळ सर्वत्र सारखेच असते, हे त्यातून सिद्ध झाले. समुद्राच्या एक किलो पाण्यात सुमारे 35 ग्रॅम क्षार. ते कोणते आणि किती, हे आता माणसाच्या हाती आले.

तरीही जुनी वाट सहजी सुटली नाही. 1930 साली शिकागोत शेड मत्स्यालय उघडले, तेव्हा फ्लॉरिडातील की वेस्टहून दहा लक्ष गॅलन समुद्रजल रेल्वेच्या टाक्यांतून आणले गेले. वीस टाक्यांच्या आठ खेपा झाल्या! पुढे तेथेही क्षार कालवूनच समुद्र करू लागले. मुंबईत 1951 साली तारापोरवाला मत्स्यालय उभे राहिले, तेव्हा समुद्र रस्त्यापलीकडेच होता. बंगळूरला ना तशी रेल्वे परवडणारी, ना तसा शेजार.

मग बंगळूरपाशी कोणते पाणी आहे? जुने शहर तळी आणि विहिरी यांवर जगले. 1896 पासून अर्कावतीचे पाणी हेसरघट्टाहून नळाने येऊ लागले. 1933 साली त्याच नदीवर तिप्पगोंडनहळ्ळीचा जलाशय झाला. त्यामागे सर विश्वेश्वरय्यांचा सल्ला होता. पुण्यात शिकून खडकवासल्याला स्वयंचलित दारे बसवणारे तेच हे अभियंते. 1974 पासून कावेरीचे पाणी सुमारे शंभर किलोमीटरवरून, कित्येक शे मीटर चढवून शहरात येते. ज्यांना ते पुरत नाही, ते विंधनविहिरीकडे किंवा टँकरकडे वळतात.

यांतले कोणते प्रवाळाला चालेल? खरे सांगावयाचे, तर सरळ नळाखाली धरलेले कोणतेच नाही. आपल्या जिभेची पारख येथे उपयोगी पडत नाही. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आपणास रोगांपासून वाचवतो, पण प्रवाळाची नाजूक त्वचा जाळतो. साधा क्लोरीन पाणी उघडे ठेवल्याने उडून जातो. अमोनियाशी जोडलेला क्लोरीन मात्र तसा जात नाही. तांब्याच्या भांड्यातले पाणी आपण आरोग्यदायी मानतो; तांब्याचा तोच अंश कोळंबीला आणि प्रवाळाला विष होतो. विंधनविहिरीचे पाणी बहुधा जड असते, आणि शहरी सांडपाण्यामुळे त्यात नायट्रेटही उतरलेले असू शकते. त्यावर शेवाळ माजते. त्यात पेटी जितकी लहान तितका धोका मोठा, कारण विष विरळ व्हावयास तेथे जागाच नसते.

या पेचातून सुटका करणारा शोध 1960 च्या सुमारास लागला. कॅलिफोर्निया विद्यापीठात सिडनी लोब आणि भारतात जन्मलेले एस. सूरिराजन यांनी असा पातळ पडदा तयार केला, की दाबाखाली त्यातून पाणी पार व्हावे आणि क्षार बहुतांशी मागे राहावेत. आज घरोघरी ज्याला आरओ म्हणतात, त्याचे मूळ येथे आहे. प्रवाळपालक त्यापुढे आणखी एक पायरी जातो. उरलासुरला क्षार तो रेझीनच्या कण्यांतून काढून घेतो, म्हणजे पाणी जवळजवळ रिकामे होते. आणि मगच त्यात समुद्राचे क्षार मोजून घालतो. पेटीतून रोज वाफ होऊन जाते ती निव्वळ पाण्याची, मीठ मागे उरते. म्हणून रोजची भर खाऱ्या पाण्याची नव्हे, याच रिकाम्या पाण्याची घालावयाची. ती नळाच्या पाण्याची घातली, तर त्यातील क्षार दिवसेंदिवस साचत जातात.

परंतु या निर्मळपणाची किंमत आहे. घरगुती यंत्रात एक लिटर शुद्ध पाण्यामागे बहुधा दोन-तीन लिटर पाणी वाहून जाते. 2024 च्या उन्हाळ्यात याच शहराने टँकरपुढील रांगा पाहिल्या आहेत. तेव्हा ते टाकाऊ पाणी मोरीत न सोडता फरशी पुसण्यास, भांडी विसळण्यास वापरणे, हा या छंदाचा पहिला नेम असावा. आणि दुसरा नेम कायद्याचा. भारतीय समुद्रांतील खडकाळ प्रवाळांना वन्यजीव कायद्याने 2001 पासून सर्वोच्च संरक्षण दिले आहे; ते खडकावरून खुडून आणून पेटी सजवणे हा गुन्हा आहे.

जे पाणी आपणास गोड लागते, ते प्रत्येक जिवाला मानवतेच असे नाही. समुद्रापासून इतक्या दूर एक लहानसा समुद्र राखावयाचा, तर दुसऱ्या जिवाची तहान आधी समजून घ्यावी लागते. आणि ती भागवताना शेजाऱ्याच्या रिकाम्या घागरीचा विसर पडू देऊन चालत नाही.