साखरशाळा

साखरशाळा म्हणजे साखर कारखान्याच्या गळीत हंगामात ऊसतोडणीसाठी स्थलांतरित झालेल्या कामगारांच्या मुलांसाठी त्यांच्या मुक्कामाच्या ठिकाणी किंवा जवळ भरवली जाणारी शाळा होय. महाराष्ट्राच्या साखर पट्ट्यातील, विशेषतः पुणे जिल्ह्यातील बारामती व इंदापूर या तालुक्यांच्या संदर्भात या संकल्पनेला महत्त्व आहे.

पार्श्वभूमी

नीरा डाव्या कालव्यामुळे बारामती व इंदापूर तालुक्यांत उसाचे क्षेत्र विस्तारले. माळेगाव व सोमेश्वर (बारामती), तसेच श्री छत्रपती (भवानीनगर), कर्मयोगी शंकररावजी पाटील व नीरा-भीमा (इंदापूर) हे या भागातील सहकारी साखर कारखाने आहेत. बीड, अहिल्यानगर, जालना आदी जिल्ह्यांतून तोडणी कामगार मुकादमाकडून उचल घेऊन येथे येतात. पती-पत्नीच्या जोडीला 'कोयता' म्हणतात. कुटुंबे कोपीत राहतात.

गळीत हंगाम सर्वसाधारणपणे दिवाळीच्या सुमारास सुरू होऊन मार्च-एप्रिलपर्यंत चालतो. शाळेचे दुसरे सत्र याच काळात येते. त्यामुळे गावी जूनमध्ये शाळेत दाखल झालेल्या मुलाचे जवळपास निम्मे शैक्षणिक वर्ष बुडते. मोठ्या मुलींवर धाकट्या भावंडांना सांभाळण्याची व स्वयंपाकाची जबाबदारी पडते, तर काही मुले तोडणीत हातभार लावतात किंवा वाढे गोळा करतात.

वाटचाल

औरंगाबाद (आताचे छत्रपती संभाजीनगर) येथील 'जनार्थ' या संस्थेने साखरशाळा चालवल्या. बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा अधिकार अधिनियम, २००९ हा १ एप्रिल २०१० पासून लागू झाला. त्यानंतर स्वतंत्र शाळांऐवजी जवळच्या नियमित शाळेत मुलांना दाखल करण्यावर भर आला. या अधिनियमाच्या कलम ४ नुसार शाळाबाह्य बालकास वयानुरूप वर्गात प्रवेश व विशेष प्रशिक्षण मिळते. कलम ५ नुसार शाळा सोडल्याचा दाखला मिळण्यास विलंब झाला, या कारणावरून प्रवेश नाकारता येत नाही. स्थलांतरित मुलाची शैक्षणिक माहिती नव्या शाळेस कळावी, यासाठी राज्यात 'शिक्षण हमी पत्रक' देण्याची पद्धत आहे. मुलांना मूळ गावीच ठेवण्यासाठी हंगामी वसतिगृहेही चालवली जातात.

अध्यापन पद्धती

अशा वर्गांत एकाच खोलीत भिन्न वयाची व भिन्न क्षमतेची मुले असतात. त्यामुळे पुढील पद्धती उपयुक्त ठरतात :

* स्तरानुसार गट : इयत्तेऐवजी वाचनाची पातळी पाहून (प्रारंभिक, अक्षर, शब्द, परिच्छेद, गोष्ट) गट केले जातात. 'प्रथम' या संस्थेने ही पद्धत रूढ केली. मुलाची प्रगती झाली की गट बदलतो.
* स्वयंपूर्ण पाठ : उपस्थिती अनियमित असल्याने प्रत्येक दिवसाचा पाठ त्याच दिवशी पूर्ण होईल असा आखला जातो. एक दिवस चुकलेल्या मुलास दुसऱ्या दिवशी मागे पडल्यासारखे वाटत नाही.
* अनुभवाधारित गणित : मोळ्यांची मोजणी, टनाचा भाव, खेपांची संख्या व उचलीतून वजा होणारी रक्कम यांवर उदाहरणे रचली जातात. घरच्या हिशेबाशी सांगड बसल्याने संख्याज्ञान लवकर पक्के होते.
* बोलीचा स्वीकार : मराठवाडी बोली किंवा गोरमाटी बोलणाऱ्या मुलांना आरंभी स्वतःच्या शब्दांत बोलू दिले जाते, प्रमाण मराठीतील शब्द नंतर जोडले जातात.
* सहाध्यायी मदत : वाचू शकणारे मूल दोघा-तिघांसोबत बसते. शिक्षकास त्या वेळी प्रारंभिक गटाकडे लक्ष देता येते.
* भावंडांसाठी जागा : धाकट्या भावंडास वर्गात बसू दिल्यास किंवा शेजारी अंगणवाडीची सोय केल्यास मोठ्या मुलीची उपस्थिती टिकते.

मर्यादा

एका तळावरील काम संपले की टोळी दुसरीकडे हलते व मुलाची शाळा पुन्हा तुटते. विखुरलेल्या कोप्यांपासून शाळा लांब असल्यास लहान मुलांची ने-आण कठीण होते. हंगामानंतर मूळ शाळेस मुलाची प्रगती कळली नाही, तर तेथे अध्यापन पुन्हा आरंभापासून होते. म्हणून मुलासोबत त्याच्या वाचन व गणिताच्या पातळीची नोंद पाठवणे, हा या कामाचा आवश्यक भाग ठरतो.