मोटारीचा धूर: उपद्रवापासून निदानापर्यंत

मोटारीच्या सायलेन्सरमधून निघणाऱ्या धुराच्या रंगावरून इंजिनाचा बिघाड ओळखण्याची विद्या गॅरेजात वाढली. त्याआधी धुराची दखल कायद्याने घेतली होती, पण ती केवळ उपद्रव म्हणून. ब्रिटनमध्ये १८९६ साली हलक्या स्वयंचलित वाहनांना रस्त्यावर मोकळीक देणारा जो कायदा झाला, त्यात तात्पुरते किंवा अपघाती कारण वगळता वाहनातून धूर वा दृश्य वाफ बाहेर पडू नये अशी अट होती. मुंबई इलाख्यात १९१२ साली झालेला धूर-उपद्रवाचा कायदा तर मोटारींसाठी नव्हताच, त्याचा रोख भट्ट्यांवर आणि चिमण्यांवर होता. धूर मोजण्याचे त्या काळातले प्रसिद्ध साधन म्हणजे माक्सिमिलियँ रिंगेलमान या फ्रेंच कृषि-अभियंत्याने १८८८ साली तयार केलेला तक्ता. पांढऱ्या कागदावर कमी-अधिक जाड काळ्या रेघांच्या जाळ्या आखलेल्या असत, दुरून पाहताना त्या रेघा मिसळून करड्या छटा दिसत आणि त्यांच्याशी धूर ताडून पाहिला जाई. हा तक्ता धुराचा काळेपणा तेवढा सांगे. निळा धूर आणि पांढरा धूर यांतला फरक त्याच्या कक्षेतच येत नव्हता, आणि इंजिनाच्या दृष्टीने महत्त्वाचा नेमका तोच फरक होता.

रंग वेगळे दिसण्याचे कारण धुरातील कणांत असते. काळा धूर म्हणजे काजळी, अर्थात अर्धवट जळालेल्या इंधनातील कार्बनचे प्रकाश शोषून घेणारे कण. इंजिन ऑइल तापलेल्या सिलिंडरात शिरले, की त्याची वाफ होऊन बाहेर येताना तिचे अतिसूक्ष्म थेंब बनतात, आणि असे थेंब प्रकाशातील निळा भाग अधिक विखुरत असल्यामुळे गडद पार्श्वभूमीवर तो धूर निळसर दिसतो. पाण्याच्या वाफेचे किंवा न जळालेल्या डिझेलचे थेंब त्याहून मोठे असतात, ते सर्वच रंग सारखे विखुरतात आणि धूर पांढरा दिसतो.

तरीही निळा धूर म्हणजे बिघाड हे समीकरण सर्व काळी खरे नव्हते. चार्ल्स नाइट या अमेरिकन संशोधकाच्या इंजिनात नेहमीच्या व्हॉल्व्हऐवजी सिलिंडराच्या आत वरखाली सरकणाऱ्या नळ्या होत्या. ब्रिटनच्या डेमलर कंपनीने १९०९ च्या सुमारास ते स्वीकारले, कारण ते अत्यंत शांतपणे चाले. मात्र त्या नळ्यांना सतत वंगण लागे आणि त्यातले काही जळून निळा धूर निघे, म्हणजे या मोटारींच्या बाबतीत तो रचनेचाच भाग होता. पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालणाऱ्या टू-स्ट्रोक स्कूटर आणि रिक्षांनाही पुढे हाच न्याय लावावा लागला.

भारतात या विद्येची खरी शाळा भरली ती दीर्घायुषी गाड्यांच्या काळात. वालचंद हिराचंद यांनी १९४४ साली स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाईल्सच्या कुर्ला येथील कारखान्यातून निघालेली फियाट ११००, म्हणजेच पुढची पद्मिनी, टॅक्सी म्हणून वर्षानुवर्षे धावत असे, आणि तिचे इंजिन पुनःपुन्हा उघडले जाई. ‘गाडी ऑइल खाते’ एवढे सांगून मालक मोकळा झाला, तरी मिस्त्रीला ऑइल कोणत्या वाटेने जाते हे ठरवावे लागे. गिअरमध्ये घाट उतरताना थ्रॉटल बंद असल्याने सिलिंडरात तीव्र निर्वात तयार होतो आणि झिजलेल्या व्हॉल्व्ह गाइडमधून ऑइल आत ओढले जाते. म्हणून बोरघाट उतरून ॲक्सिलरेटर दाबताच निळ्या धुराचा लोट आला, तर संशय गाइडवर जाई. चढावर, ओझ्याखाली धूर सतत निघत राहिला, तर पिस्टनच्या रिंगा संशयित ठरत. खात्रीसाठी सिलिंडरातील दाब मोजून, त्यात थोडे ऑइल सोडून तो पुन्हा मोजत. दाब लक्षणीय वाढला, तर रिंगा झिजल्याचे ठरे, कारण ऑइलने त्यांच्या फटी काही क्षण भरून काढलेल्या असत. पाश्चात्त्य पुस्तके पांढऱ्या धुराला गोडसर वास असेल तर हेड गॅस्केट पाहा असे सांगतात. पण तो वास कूलंटमधील ग्लायकॉलचा असतो, आणि रेडिएटरमध्ये साधे पाणी भरण्याचा प्रघात असलेल्या आपल्याकडे ही खूण बहुधा निरुपयोगी होती. येथे पाणी कमी होणे आणि रेडिएटरमध्ये बुडबुडे येणे हेच विश्वासार्ह पुरावे ठरत. काळ्या धुरासाठी मात्र चोक, कार्ब्युरेटरचा फ्लोट आणि एअर फिल्टर पाहिले की बहुतेक वेळा काम भागे.

एप्रिल १९९५ पासून मुंबईसह चार महानगरांत नव्या पेट्रोल मोटारींना कॅटॅलिटिक कन्व्हर्टर, म्हणजे धुरातील विषारी वायूंचे रासायनिक रूपांतर करणारा भाग, सक्तीचा झाला. कार्ब्युरेटरची जागा इंधन-फवारणीने घेतली आणि मिश्रणाचे प्रमाण ऑक्सिजन सेन्सर सांभाळू लागला, त्यामुळे काळा धूर दुर्मीळ झाला. २०२० मध्ये भारत स्टेज ६ आल्यावर डिझेल गाड्यांची काजळीही फिल्टरमध्येच अडवली जाऊ लागली. हवेच्या दृष्टीने हे स्वागतार्हच, पण मिस्त्रीच्या दृष्टीने लक्षणच झाकले गेले, कारण थोड्या प्रमाणात जळणारे ऑइल कन्व्हर्टर पचवतो आणि सायलेन्सर स्वच्छ दिसत राहतो. अशा गाडीत ऑइल कमी होत असल्याचे कळते ते डिपस्टिक काढून पाहिली तरच.