एकाच तांब्यातलं पाणी

आषाढ शुद्ध दशमी, साल 1818. तुम्ही पंढरपुरात, चंद्रभागेच्या वाळवंटात उभे आहात. बाजीराव पेशवा गेल्याच महिन्यात इंग्रज सेनापती माल्कमला शरण गेला, त्याच्याआधी मे महिन्यात सोलापूरचा भुईकोट इंग्रजांनी घेतला, पण इथे त्याचं कुणाला सोयरसुतक दिसत नाही. राज्य कुणाचंही असो, वारी चुकवायची नाही. दिंड्या अजून येतच आहेत आणि नदीच्या काठाशी माणसाला माणूस लागलाय. तिथेच अंघोळ, तिथेच धुणं, तिथूनच पिण्याचं पाणी, आणि पहाटेच्या अंधारात आडोशाला बसणंही तिथेच, कारण दुसरी जागाच नाही.

तुमच्यापुढे एक बहीण-भाऊ बसलेत. बहीण थोरली. तिनं तांब्या बुडवला, पदरानं गाळून पाणी घेतलं, आधी भावाला दिलं, मग स्वतः प्याली.

एकादशीच्या दुपारी भावाला जुलाब सुरू होतात. दोन-चार वेळांनंतर त्यात मळाचा मागमूस राहत नाही, नुसतं तांदळाचं धुवण. मग वांत्या, मग पोटऱ्यांत पेटके. तुम्ही त्याच्या मनगटामागची कातडी चिमटीत धरून सोडता, तर घडी तशीच उभी राहते. डोळे खोल गेलेत, बोटांची टोकं सुरकुतलीत, आवाज पार बसलाय. ओठ हलतात तेवढ्यावरून कळतं, "आक्का, पाणी." शेजारचा म्हातारा तिचा हात धरतो. "देऊ नगं बाई, वांती वाढंल." म्हाताऱ्याला बोल लावू नका. त्या काळचे शिकलेले गोरे डॉक्टरही कॅलोमेल आणि अफूचा अर्कच देत होते, आणि पुढे कित्येक वर्षं या रोग्यांचं पाणी तोडलं जात होतं.

ही पटकी, म्हणजे कॉलरा. मरीआईचा कोप झाला म्हणून गावोगाव तिचा गाडा शिवेपार नेतील. आदल्या वर्षी पटकी बंगालातल्या जेसोरला भडकली, नोव्हेंबरात बुंदेलखंडात गव्हर्नर जनरल हेस्टिंग्जच्या फौजेत शिरली, आणि आता दख्खनेत उतरली आहे. ऑगस्टमध्ये ती मुंबईत असेल. संध्याकाळपर्यंत भाऊ जातो. बहिणीला काहीच होत नाही. तांब्या एक, पाणी एक, आईबाप एक. मग असं का?

त्यासाठी आत उतरा, भावाच्या पोटात. पाण्याबरोबर आलेले जंतू स्वल्पविरामासारखे वाकडे आहेत, प्रत्येकाला एक शेपटी. जठरातल्या आम्लात बहुतेक सगळे मरतात. पुढे विसाव्या शतकात अमेरिकेत धडधाकट स्वयंसेवकांवर प्रयोग झाले, तेव्हा आजार व्हायला दहा कोटींच्या घरात जंतू पाजावे लागले. पण आधी सोडा देऊन आम्ल मारलं तेव्हा काही हजारांत काम भागलं. कुणाच्या जठरात आम्ल किती, इथेच पहिला निकाल लागतो. शिवाय रोग्याच्या पोटातून नुकता बाहेर पडलेला जंतू काही तास जास्त जोमाचा असतो, आणि गर्दीच्या काठावर तोच आधी पोटात जातो.

उरलेले लहान आतड्याला चिकटतात आणि विष सोडतात. या विषाचं जनुक मुळात जंतूचं नाही. जंतूला लागण करणाऱ्या एका विषाणूनं ते त्याच्यात आणून बसवलं. वॉल्डर आणि मेकॅलानोस यांनी हे 1996 मध्ये दाखवलं. विषाचे पाच भाग पेशीवरच्या जीएम-1 नावाच्या मेदाला धरतात, सहावा आत शिरतो आणि पेशीतला एक इशारा चालू करून तसाच अडकवून ठेवतो. मग सीएफटीआर नावाची वाट सताड उघडते. ही वाट तुमच्या-माझ्या सातव्या गुणसूत्रावरच्या जनुकानं बनवलेली आहे. तिच्यातून क्लोराइड बाहेर, त्याच्यामागे सोडियम, त्याच्यामागे पाणी. जोर वाढला की तासाला लिटरभर. आतडं मात्र जखमी झालेलं नाही, हे नीट पाहून ठेवा. साखर आणि मीठ जोडीनं आत ओढणारं दुसरं प्रथिन, एसजीएलटी-1, शेजारी शाबूत आहे आणि त्याला विषानं हातही लावलेला नाही. तो भाऊ वाचण्यासारखा होता. हे लिहिताना आजही हात थांबतो.

आता 1866, कॉन्स्टँटिनोपल. आंतरराष्ट्रीय आरोग्य परिषदेत युरोपचे मुत्सद्दी पटकीचा दोष हिंदुस्थानातल्या यात्रांवर ठेवताहेत. यात्रेत रोग पसरतो हे खरंच. पण फौजा आणि आगबोटी यांनीही तो तितक्याच इमानानं वाहून नेला, आणि यात्रेकरूला स्वच्छ पाणी देणं ज्यांच्या हातात होतं ते त्याच्या घाणेरड्या सवयींवर बोलत राहिले.

1959, कलकत्ता. शंभुनाथ डे सशाच्या आतड्याला गाठी बांधून त्यात जंतू गाळून काढलेला नुसता द्रव सोडतात. आतडं पाण्यानं तट्ट फुगतं. जंतूची गरज नाही, विष पुरेसं आहे. नोबेल मिळायला हवं होतं असं हे काम, मिळालं नाही. पुढच्याच वर्षी प्रागमध्ये रॉबर्ट क्रेन साखर आणि सोडियम आतड्यात जोडीनं शिरतात हे मांडतात. या दोन गोष्टींची खरी कसोटी 1971 मध्ये बनगावला लागते. बांगलादेशातून निर्वासितांचे लोंढे येताहेत, शिरेतून द्यायचं सलाइन संपलंय, आणि दिलीप महालनाबिस ड्रममध्ये मीठ-साखरेचं पाणी कालवून नातेवाइकांच्या हातात पेले देताहेत. त्या छावणीत शंभरातले तीसेक रोगी मरत होते. ते प्रमाण 3.6 टक्क्यांवर आलं.

पण बहीण का वाचली, हा प्रश्न उरतोच. तुमच्या ड्रायव्हिंग लायसन्सवर रक्तगट ओ लिहिला असेल तर इथे जरा थांबा. ओ गटाच्या माणसाला लागण जास्त होते असं नाही, पण झाली तर ती जबर होते. 2016 मध्ये सेंट लुइसच्या प्रयोगशाळेत माणसाच्या आतड्याच्या पेशी वाढवून त्यांवर पटकीचं विष सोडलं, तेव्हा ओ गटाच्या पेशींमध्ये तो अडकलेला इशारा ए गटाच्या पेशींच्या दुपटीच्या आसपास चढला. गंगेच्या मुखाशी, जिथे पटकी शतकानुशतकं मुक्कामाला आहे, तिथे ओ गट कमी आहे. 2013 मध्ये ढाक्यातल्या 42 कुटुंबांची जनुकं तपासली, तर निवडीच्या दाबाखाली बदललेल्या 305 जागा सापडल्या. त्यांत पोटॅशियम वाहणारी प्रथिनं आणि जंतू ओळखून प्रतिकाराची हाक देणारी जनुकं ठळक होती. जे वाचले त्यांच्या लेकरांत ही खूण उतरली.

म्हणून आक्का रक्तगटामुळे वाचली असं म्हणून मोकळं व्हायचा मोह होईल. तो आवरा. ओ गटाचा भक्कम पुरावा एल टॉर या नव्या घराण्याबद्दल आहे, जे 1961 पासून जगभर पसरलं. एकोणिसाव्या शतकातला जंतू जुन्या, क्लासिकल घराण्यातला. 1849 मध्ये फिलाडेल्फियात दगावलेल्या एका रोग्याचं जपून ठेवलेलं आतडं तपासलं तेव्हा तोच निघाला. आक्काच्या जठरात आम्ल जास्त असेल. तिला लहानपणी सौम्य लागण होऊन गेली असेल आणि आतड्यात आयजीए प्रतिपिंडं तयार उभी असतील. लागण झालेल्या बहुतेकांना काही होतच नाही किंवा किरकोळ जुलाब होतात. जंतू मात्र तेही काही दिवस बाहेर टाकत राहतात. धडधाकट आक्का परतीच्या वाटेवर कुठल्या गावाच्या आडाशी थांबली असेल, याचा विचार तुमच्या मनातून जाणार नाही.

वारकऱ्यांच्या दंडावर पुढे लस टोचली गेली. ती निम्म्या लोकांना काही महिने राखायची, कारण लढाई आतड्याच्या आत आणि लस दंडात. 1973 मध्ये जागतिक आरोग्य संघटनेनं परदेश प्रवासासाठी तिच्या दाखल्याची अट काढली. आता तोंडावाटे द्यायची लस आहे. कोलकात्यात तिनं पाच वर्षं 65 टक्के संरक्षण दिलं. तीही पाण्याची जागा घेऊ शकत नाही.

आता आजच्या वाखरीत या. पालख्यांचा शेवटचा मुक्काम, टँकरची रांग. आरोग्यसेविका एका टँकरच्या तोटीखाली काचेची नळी धरते, पाण्यात क्लोरीन आहे का हे दाखवणाऱ्या ओटीचे थेंब टाकते, हलवून उजेडात पाहते. रंग येत नाही. ती ड्रायव्हरला हाक मारते, टीसीएलची, म्हणजे ब्लीचिंगची पावडर बादलीत कालवून घेते, वरचं निवळलेलं पाणी टाकीत ओतायला लावते. तेवढ्यात हातात बाटली घेऊन एक म्हातारे वारकरी तोटीशी येतात.

"यातलं नको, माऊली, अर्धा तास तरी जाऊ दे. पलीकडच्या टँकरचं घ्या, ते तपासलंय."