महाबळेश्वर हा वाण नव्हे



मागच्या महिन्यात खुलताबादकडच्या एका गटाच्या बैठकीला गेले होते. विषय कर्जाचा. एका ताईंना 10 गुंठ्यांत स्ट्रॉबेरी लावायची आहे, वर प्लास्टिकचे बुटके टनेल करायचे आहेत. सचिव ताईंनी विचारलं, "वाण कोणता?" त्या म्हणाल्या, "महाबळेश्वर." रोपवाल्यानं तसंच सांगितलं होतं. सगळ्यांनी माना डोलावल्या. मी मात्र अडले. महाबळेश्वर हे गावाचं नाव आहे. तिथं पिकणाऱ्या प्रत्येक वाणाला स्वतःचं नाव आहे, आणि त्यातले मोठे वाण दूरच्या देशांतून आलेले आहेत. म्हणून आज या फळाचा इतिहासच सांगते. संक्रांतीचं वाण आपण न विचारता घेतो, पण हा वाण विचारूनच घ्यावा लागतो.

1712 साली फ्रान्सच्या राजानं फ्रेझिए नावाच्या लष्करी इंजिनिअरला चिली आणि पेरूच्या किनाऱ्यावर पाठवलं. काम होतं स्पॅनिश लोकांच्या किल्ल्यांची टेहळणी. चिलीत त्याला मोठ्या फळांची स्ट्रॉबेरी दिसली. तिथले मापुचे लोक ती कित्येक पिढ्या लावत होते. त्यानं रोपं घेतली. परतीचा प्रवास सहा महिन्यांचा, जहाजावर गोडं पाणी मोजून मिळायचं. पाणी ज्याच्या ताब्यात होतं त्यालाच दोन रोपं द्यावी लागली, असं सांगतात. 1714 मध्ये तो परतला तेव्हा जेमतेम पाच रोपं जिवंत होती.

रोपं वाढली, फुलली, पण फळ धरेना. कारण साधं होतं. मोठी फळं लागलेली रोपं बघून आणली, आणि ती सगळी मादी निघाली. पराग देणारं रोप त्यांत नव्हतंच. ज्यांनी पपई लावली आहे त्यांना हे लगेच कळेल. पुढे उत्तर अमेरिकेतून आलेली, लहान फळाची दुसरी स्ट्रॉबेरी शेजारी लागली तेव्हा कुठे फळ धरलं. त्या दोघींच्या संकरातून आज आपण खातो ती स्ट्रॉबेरी जन्मली. 1766 मध्ये दुशेन नावाच्या फ्रेंच तरुणानं हा उलगडा लिहून ठेवला. म्हणजे आपल्या बेडवरच्या रोपाचं एक आजोळ चिलीत आणि दुसरं उत्तर अमेरिकेत.

आपल्याकडे स्ट्रॉबेरी आली ती इंग्रजांमुळे. उन्हाळ्यात त्यांना थंड जागा हवी होती, म्हणून महाबळेश्वर वसलं, आणि त्यांच्या बागांबरोबर हे फळही आलं. बराच काळ ते साहेबाच्या आणि पर्यटकाच्या ताटापुरतं राहिलं. मोठी शेती झाली ती नवे वाण आल्यावर. कॅलिफोर्निया विद्यापीठानं 1983 मध्ये दिलेला चँडलर महाबळेश्वर-पाचगणीकडे 1990 नंतर पसरला. मग कॅमरोसा, स्वीट चार्ली, विंटर डॉन आले. विंटर डॉनला तिकडे नुसतं 'विंटर' म्हणतात. मातृरोपं बाहेरून मागवायची, त्यांचे धावते फुटवे म्हणजे रनर पावसाळ्यात पिशव्यांत वाढवायचे आणि सप्टेंबर-ऑक्टोबरात लावायचे, असा तिथला क्रम बसला. 2010 मध्ये 'महाबळेश्वर स्ट्रॉबेरी'ला भौगोलिक मानांकन मिळालं. त्यामुळे आपल्या शेतातल्या फळाच्या खोक्यावर ते नाव छापता येणार नाही, रोप तिथूनच आणलं असलं तरी.

आता टनेलकडे येते. प्लास्टिकखाली पीक घेण्याची सुरुवात फार जुनी नाही. अमेरिकेत केंटकी विद्यापीठातल्या एमर्ट नावाच्या प्राध्यापकाला काचेचं हरितगृह परवडत नव्हतं. त्यानं 1948 च्या सुमारास लाकडी सांगाड्यावर पारदर्शक कागदासारखं प्लास्टिक ताणलं. गरिबीतून निघालेली युक्ती आहे ती, म्हणून मला आवडते. पण थंड प्रदेशात प्लास्टिक ऊब राखायला लावतात. आपल्याला ऊब कुठे कमी आहे? महाबळेश्वर साडेचार हजार फुटांवर आहे, आपलं शहर जेमतेम अठराशे फुटांवर. स्ट्रॉबेरीला दिवस लहान आणि हवा गार लागते. पारा 30 अंशांच्या वर राहिला की कळी धरणं मंदावतं. टनेलच्या आत तर बाहेरपेक्षाही जास्त तापतं. आपल्याला प्लास्टिक हवं ते दव आणि अवेळी पाऊस अडवायला. 2014 च्या फेब्रुवारी-मार्चमधली गारपीट कोणी विसरलेलं नाही, पण तसल्या गारांपुढे पातळ प्लास्टिक टिकेल अशी आशा धरू नका. आणि दुपारी बाजू वर उचलायलाच हव्यात. उन्हासाठी, आणि मधमाश्यांसाठी. माशी आत गेली नाही तर फळ वाकडं-तिकडं होतं.

म्हणून वाण निवडताना मी एकच गोष्ट आधी बघते. तो वाण कुठल्या हवेसाठी तयार झाला? कॅमरोसा कॅलिफोर्नियाचा. फळ टणक, दूरवर ट्रकनं जायला सोयीचं, म्हणून व्यापाऱ्याचा लाडका. पण प्लास्टिकखाली त्यावर भुरी लवकर पडते. स्वीट चार्ली आणि विंटर डॉन हे फ्लोरिडा विद्यापीठाचे. फ्लोरिडात स्ट्रॉबेरी हे हिवाळी पीक आहे. तिथं ऑक्टोबरात लावतात आणि उन्हाळा तापायच्या आत फळ काढतात. आपलं गणितही तेच. मार्चमध्ये इथं पारा 35 च्या पुढे जातो. त्यामुळे डिसेंबर-जानेवारीत भरपूर देणारा वाण आपल्या कामाचा, एप्रिलपर्यंत टिकणारा नाही. स्वीट चार्ली गोड आहे आणि लवकर येतो, पण फळ नाजूक. ते शहरात त्याच दिवशी विकायला ठीक, लांब पाठवायला नाही. फ्लोरिडाचाच एल्याना हा वाण पावसाचं पाणी लागलं की तडकतो, म्हणून तो आच्छादनाखालीच घ्या, असं त्याच्या पैदासकारांनी सांगितलं आहे. म्हणजे टनेलसाठीच विचारात घेण्याजोगा. सध्या महाबळेश्वरात नाभिलाचं नाव फार चालतं. पण तिथलं यश मी आपल्या हवेला तसंच लावणार नाही.

हे सगळं सांगितल्यावर त्या बैठकीत एक म्हातारी सदस्य म्हणाली, "अगं, पण तोडायला तर आपणच वाकणार ना? मग फळ पानाखाली लपणारं नको." हे मला सुचलंच नव्हतं. टनेलमध्ये वाकून हात घालताना दांडा लांब असणं, फळ बाहेर लोंबणं याला किंमत आहे. मी ते वहीत लिहून घेतलं.

शेवटी ठरलं असं. पोळा झाल्यावर 10 गुंठ्यांऐवजी 2 गुंठे लावायचे, दोन वाणांचे वेगळे बेड करायचे, दर बेडच्या टोकाला नाव लिहिलेली पाटी लावायची. रोज किती किलो निघालं ते तारखेसह लिहायचं. कर्जही तेवढंच मागायचं. ताईंनी तिथंच रोपवाल्याला फोन लावला आणि वाणाचं नाव विचारलं, मातृरोपं कुठून आणली तेही विचारलं. तो जरा थांबला आणि म्हणाला, विचारून सांगतो. दोन आठवडे झाले, त्याचा फोन आलेला नाही. आता दुसरा रोपवाला शोधतोय.