सोंगटी ते सोंग: पोरं त्या खेळात एवढी का रमतात?

मंडळी, पोस्ट लांब आहे. सवडीने वाचा, पण शेवटपर्यंत वाचा.

अलिबाग असो, मुरूड असो की श्रीवर्धन, पालक सभेत एक वाक्य ठरलेलं असतं. "दिवसभर पबजी खेळतो हो!" पोरगा नक्की काय खेळतो ते आईबापाने बघितलेलं नसतं. कुठल्याही टूथपेस्टला जसं आपण कोलगेट म्हणतो, तसं मोबाइलवरच्या प्रत्येक खेळाला पबजी म्हणायची आपल्याकडे पद्धत पडलीय. सप्टेंबर २०२० मध्ये पबजीवर बंदी आली तेव्हा अनेकांनी सुटकेचा श्वास टाकला. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायचे ऑनलाइन खेळ बंद करणारा कायदा केला, तेव्हाही नाक्यावर चर्चा एकच, "गेम बंद झाले". बंद झाला तो जुगार. खेळ चालूच आहेत.

त्यातला एक प्रकार पन्नास वर्षांहून जास्त टिकून आहे. त्याला आरपीजी म्हणतात, म्हणजे रोल प्लेइंग गेम. सरळ मराठीत सांगायचं तर सोंग घेऊन खेळायचा खेळ. सुरुवातीला तुम्ही ठरवायचं, मी कोण? योद्धा, वैद्य, चोर की जादूगार? मग एका मोठ्या गोष्टीत शिरायचं, माणसांशी बोलायचं, निर्णय घ्यायचे. सुरुवातीला तुम्ही अगदी कच्चे असता. हळूहळू अनुभव जमतो, ताकद वाढते. अशी एक गोष्ट पुरी व्हायला पन्नास-शंभर तास सहज लागतात. ग्राफिक्स बदलली, यंत्रं बदलली, पण हा प्रकार जुना झाला नाही. का झाला नाही, याचा इतिहास आपल्या अंगणातून जातो, म्हणून हा लेखनप्रपंच.

सुरुवात बुद्धिबळापासून करू. आपलं चतुरंग इराणमार्गे युरोपात गेलं. १७८० मध्ये जर्मनीतल्या ब्राउनश्वाइगच्या हेल्विग नावाच्या शिक्षकाने बुद्धिबळाचा पट वाढवून त्यावर डोंगर, नद्या, तोफा आणल्या आणि युद्धाचा खेळ केला. १८२४ मध्ये प्रशियाच्या फौजेतला अधिकारी राइसविट्झ याने तोच विचार नकाशावर नेला. सोबत फासे आले, निवाडा करायला एक पंच आला. प्रशियाच्या लष्कराने अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी तो खेळ उचलला. पुढे इंग्रज लेखक एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये घरच्या जमिनीवर खेळण्यातले शिपाई मांडून लढायचे नियम छापले. इथपर्यंत सोंगटी म्हणजे पलटण होती. खेळणारा वरून बघणारा सेनापती.

१९६९ मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटात डेव्हिड वेसली नावाच्या तरुणाने एक गंमत केली. नेपोलियनच्या काळातल्या एका काल्पनिक गावातली लढाई मांडली आणि मित्रांना फौजांऐवजी माणसं वाटली. तू महापौर, तू सावकार, तू विद्यापीठाचा कुलगुरू. लढाई बाजूलाच राहिली. लोक एकमेकांशी सौदे करू लागले, कारस्थानं करू लागले. वेसलीला वाटलं खेळ फसला. मित्र म्हणाले, पुन्हा कधी? त्या मित्रांतला डेव्ह आर्नेसन आणि विस्कॉन्सिनचा गॅरी गायगॅक्स यांनी पुढे मिळून १९७४ मध्ये 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' हा खेळ छापला. पहिली आवृत्ती फक्त १,००० प्रतींची. कागद, पेन्सिल, फासे आणि टेबलाभोवती बसलेली चार-पाच माणसं. एक जण गोष्ट पुढे नेतो, बाकीचे आपापल्या पात्राच्या तोंडून बोलतात. आज जगात जेवढे आरपीजी आहेत त्यांचं मूळ हे.

बदल एवढाच झाला, की सोंगटीचं सोंग झालं. पटावरची ती बाहुली म्हणजे आता 'मी'.

कोकणातल्या माणसाला यात नवल वाटायचं कारण नाही. आपला शिमगा काय आहे? वर्षभर बोटीवर खलाशी असलेला, नाहीतर तालुक्याच्या कचेरीत फायली हलवणारा माणूस शिमग्यात सोंग घेतो. कोणी साडी नेसतो, कोणी गोमू होतो, दक्षिणेकडे सरकलात की काळ्या झग्यात, उंच टोपीत संकासूर उभा राहतो. सोंग घेतलं की तो गण्या-पांड्या राहत नाही. एरवी ज्याच्यासमोर मान वर करत नाही त्याची तो थट्टा करतो, पोस्त मागतो, आणि समोरचा हसून देतो. कारण नियम दोघांनाही माहीत असतो, हे सोंग बोलतंय. होळी झाली, रंग धुतला, माणूस परत कामावर. पण ते चार दिवस त्याने दुसरं कोणीतरी होऊन बघितलेलं असतं. त्याची किंमत ज्याने सोंग घेतलंय त्यालाच कळते.

दुसरं उदाहरण दिवाळीतल्या किल्ल्याचं. मुरूडकडच्या पोराने दगडमातीचा किल्ला केला की कधीतरी त्याचा जंजिरा होतोच. इतिहासात जंजिरा मराठ्यांना मिळाला नाही. शिवरायांनी समोर कासा बेटावर पद्मदुर्ग उभारला. संभाजी महाराजांनी १६८२ मध्ये किनाऱ्यापासून बेटापर्यंत समुद्रात भराव टाकायला घेतला, पण मोगली फौज उत्तर कोकणात उतरली आणि ते काम सुटलं. लाय पाटलांची गोष्ट तर इकडच्या कोळीवाड्यांत आजही सांगतात. रात्रीच्या अंधारात तटाला शिड्या लावल्या, मागची कुमक वेळेत पोचली नाही, उजाडायच्या आत शिड्या काढून परतावं लागलं. महाराजांनी पालखीचा मान देऊ केला, तर दर्यावर फिरणाऱ्याला पालखीचा काय उपयोग, म्हणून पाटलांनी नम्रपणे नाकारला, असं सांगतात.

आता पोराच्या किल्ल्यात काय होतं? कुमक वेळेत पोचते! 'जर' हा शब्द इतिहासाच्या पुस्तकाला चालत नाही, पण तोच शब्द पोराच्या हातात माती देतो. आरपीजीचा अर्धा जीव या 'जर'मध्ये आहे. नाटक आपण बघतो, कादंबरी वाचतो, इथे मात्र निर्णय आपला आणि त्याचे परिणामही आपल्यालाच भोगायचे.

उरलेला अर्धा जीव मेहनतीच्या हिशोबात आहे. १९८१ मध्ये 'विझर्ड्री' आणि 'अल्टिमा' हे खेळ अमेरिकेत घरगुती संगणकावर आले. ते बघून जपानच्या युजी होरी यांनी १९८६ मध्ये 'ड्रॅगन क्वेस्ट' केला. बोटं चपळ नसली तरी चालेल, चिकाटी पाहिजे, असा तो खेळ. मारिओत उडी चुकली की गेलात. इथे हरलात तर थोडा सराव करा, अनुभव वाढवा, परत या. खेळ कुठपर्यंत आला हे पहिल्या भागात यंत्र लक्षात ठेवत नसे. पडद्यावर अक्षरांची एक लांब माळ यायची, ती पोरं वहीत उतरवून ठेवायची. एक अक्षर चुकलं की सगळी कमाई पाण्यात. तिसरा भाग बुधवारी, १० फेब्रुवारी १९८८ ला विक्रीला आला, तेव्हा शाळा बुडवून रांगेत उभ्या राहिलेल्या पोरांच्या बातम्या जपानभर झाल्या. म्हणजे आपल्या पालक सभेतलं रडगाणं तिकडे सदतीस-अडतीस वर्षांपूर्वीच गाऊन झालंय.

या चिकाटीचं आकर्षण आपल्या पोरांना का वाटतं, ते जरा थांबून बघा. दर्यावर रात्र काढून जाळं रिकामं येऊ शकतं. भात उभं असताना ऑक्टोबरचा पाऊस ते आडवं करतो. पोरगं पदवी घेतं, भरतीची परीक्षा देतं, आणि परीक्षाच पुढे ढकलली जाते. खेळात मात्र दहा तास दिले की दहा तासांचं फळ मिळतं, आकड्यात दिसतं. हा न्याय त्याला बाहेर मिळत नाही म्हणून तो आत शोधतो. याला नुसता आळस म्हणून भागत नाही. आळशी माणूस शंभर तास चिकाटी दाखवत नाही.

धोकाही तिथेच आहे, हेही स्पष्ट सांगतो. जिथे मेहनतीला हमखास फळ आहे तिथून उठवत नाही. जागतिक आरोग्य संघटनेने खेळाच्या विकाराला आजारांच्या यादीत घेतलंय, ती यादी २०२२ पासून लागू आहे. त्यात नुसते तास मोजलेले नाहीत. खेळावर ताबा उरला नाही, बाकी सगळं मागे पडलं, नुकसान दिसत असूनही थांबता येत नाही, आणि हे साधारण वर्षभर चाललंय, तर तो विकार. असं घरात दिसत असेल तर डॉक्टरकडे जा, मोबाइल आपटू नका.

मुळात भीती नवी नाही. १९८० च्या दशकात अमेरिकेत 'डंजन्स अँड ड्रॅगन्स' म्हणजे सैतानाची पूजा, अशी ओरड झाली होती. पालकांच्या संघटना उभ्या राहिल्या. 'अल्टिमा' करणाऱ्या रिचर्ड गॅरियटलाही आपल्या खेळांवरून असेच बोल ऐकावे लागले. त्याने १९८५ मध्ये चौथा भाग काढला, त्यात मारायला शेवटचा खलनायकच नाही. आठ सद्गुण अंगी आणायचे, हाच खेळ. त्यात एक आंधळी दुकानदार आहे. माल घेतल्यावर किती पैसे ठेवले ते तुम्हीच सांगायचं. कमी ठेवून निघालात तर ती काही बोलत नाही, पण तुमचा प्रामाणिकपणा आतल्या आत घटतो, आणि पुढे कधीतरी वाट अडते. या भागाच्या नावात गॅरियटने शब्द घेतला तो आपला, 'अवतार'. आज जगभर पडद्यावरच्या आपल्या रूपाला हाच शब्द आहे. आपल्या मोक्षपटात शिड्या सद्गुणांच्या आणि साप दुर्गुणांचे असत, पण तिथे फासे म्हणतील तिकडे जायचं. इथे वाट खेळणाऱ्याने निवडायची.

मग खरं बिघडतंय कुठे? बाजारात. २०२० नंतर मोबाइलवर गाजलेले बरेच आरपीजी फुकट उतरवून घेता येतात. चीनमधल्या कंपनीचा 'गेन्शिन इम्पॅक्ट' हे मोठं उदाहरण. खेळ फुकट, पण हवं ते पात्र मिळवायला सोडतीसारखी चिठ्ठी काढायची, आणि चिठ्ठ्या संपल्या की पैसे मोजून आणखी घ्यायच्या. निघालं तर निघालं. बेल्जियमने २०१८ मध्ये खेळांतल्या अशा नशिबाच्या पेट्यांना जुगार ठरवलं. जपानने अशा सोडतींचा एक प्रकार २०१२ मध्येच बंद पाडला. ज्या खेळाचं आकर्षणच मेहनतीच्या न्यायात होतं, त्यातला न्याय काढून तिथे लॉटरी बसवली. आपल्याकडे जुनी म्हण आहे, सगळी सोंगं आणता येतात, पैशाचं सोंग आणता येत नाही. बापाच्या खात्यातून गेलेले पैसे खरेच असतात.

आता शेवटचा मुद्दा, भाषेचा. नव्वदच्या दशकात आपल्याकडे टीव्हीला जोडायचे जपानी यंत्राच्या नकलेचे व्हिडिओ गेम आले. कॅसेटवर मारिओ, कॉन्ट्रा, रणगाडे. आरपीजी क्वचितच, कारण त्यात वाचायला फार, आणि सगळं परक्या भाषेत. पोलंडमध्येही असंच होतं. तिथे १९९४ मध्ये दोन मित्रांनी सीडी प्रोजेक्ट ही कंपनी काढली. १९९९ मध्ये त्यांनी 'बाल्डर्स गेट' हा मोठा आरपीजी पोलिश भाषेत, पोलिश नटांच्या आवाजात आणला. तो खपला, मग धीर आला, आणि २००७ मध्ये त्यांनी स्वतःच्याच देशातल्या लेखकाच्या गोष्टींवर 'द विचर' केला. २०११ मध्ये पोलंडच्या पंतप्रधानांनी ओबामांना भेट दिली त्यात या खेळाचा दुसरा भाग होता. पोलिश बोलणारे सुमारे चार कोटी. मराठी मातृभाषा असणारे २०११ च्या जनगणनेत ८ कोटी ३० लाख. आपल्याला अभिजात दर्जा मिळाला २०२४ मध्ये, पण अशा मोठ्या खेळांच्या भाषांच्या यादीत पोलिश असते, मराठी नसते.

जपानच्या त्सुशिमा बेटावर तेराव्या शतकातल्या मंगोल स्वारीचा एक खेळ २०२० मध्ये आला. अमेरिकेतल्या लोकांनी केलेला. त्याच वर्षी वादळाने बेटावरच्या एका देवस्थानाची कमान पडली. दुरुस्तीला ५० लाख येन हवे होते, खेळणाऱ्यांचा हातभार लागला आणि २ कोटी ७० लाखांवर जमले. समुद्र, स्वारी, किल्ले आपल्याकडे कमी आहेत का? आणि करणारे नाहीत असंही नाही. पुण्याच्या नॉडिंग हेड्स या छोट्या कंपनीने २०२० मध्येच 'राजी' हा भारतीय पुराणकथांवरचा खेळ जगाच्या बाजारात उतरवला.

पण कंपनीची, अनुदानाची वाट बघायची गरज नाही. मूळ खेळाला वीजही लागत नाही. गावच्या वाचनालयात, मे महिन्याच्या सुट्टीत, एक टेबल, फासे, कागद आणि इतिहास माहीत असलेला एक शिक्षक. पाच पोरं. एक तांडेल, एक हेर, एक सुतार, एक वैद्य, एक लाय पाटलांचा माणूस. रात्र, ओहोटी, समोर जंजिऱ्याचा तट. कुमक येईल की नाही माहीत नाही. करा काय करायचं ते! त्या संध्याकाळी पोरं मोबाइल मागतात का बघा.

तोवर घरी दोनच गोष्टी विचारा. "तू त्यात कोण आहेस?" आणि "त्यात पैसे कुठे लागतात?" पहिल्या प्रश्नाला पोरगं अर्धा तास बोलेल, ऐकून घ्या. दुसऱ्याला गप्प बसलं तर मात्र लक्ष घाला.

तुमच्या गावच्या शिमग्यात कुठली सोंगं निघायची, आता कुठली बंद पडली, ते खाली लिहा. आणि जंजिऱ्याच्या त्या रात्री तुम्ही कोण झाला असतात, तेही.