एका जुन्या मोटारीचा जीर्णोद्धार

जुन्या देवळाचा जीर्णोद्धार, पडक्या वाड्याची डागडुजी किंवा जुन्या पोथीची नवी बांधणी ह्या गोष्टींना आपल्या समाजांत मान आहे. परंतु जुन्या यंत्राची दुरुस्ती म्हटली कीं, ती केवळ काटकसरीची बाब असें आपण समजतों. यंत्र जुनें झालें म्हणजे तें मोडींत घालावें आणि नवें आणावें, हाच शहाणपणा होय, अशी समजूत अलीकडे रूढ झाली आहे. ह्या समजुतीला बाध आणणारा एक लहानसा इतिहास गेल्या साठ वर्षांत मुख्यतः इंग्लंडांत घडला. तो आमच्या वाचकांपुढें मांडण्याचें आम्हीं योजिलें आहे. त्यांतील मुख्य पात्र एक दोन दारांची मोटार आहे. तिचा कारखाना बंद पडून चाळीस वर्षांहून अधिक काळ लोटला, तरी ती अद्यापि रस्त्यावर धांवते. हें कसें घडलें, आणि त्यासाठीं कोणाला कोणती जबाबदारी पत्करावी लागली, हें पाहण्याजोगें आहे.

ऑक्सफर्ड येथील मॉरिस गॅरेजेस ह्या पेढीच्या आद्याक्षरांवरून एम्. जी. हें नांव पडलें. सेसिल किंबर ह्या कल्पक व्यवस्थापकानें साध्या मॉरिस मोटारींच्या अंगोपांगांपासून चपळ व हलक्या मोटारी घडविण्यास आरंभ केला, आणि १९२९ सालीं हा कारखाना जवळच्या अ‍ॅबिंग्डन गांवीं गेला. नित्याच्या मोटारींचे भाग घेऊन वेगाची मोटार बनवावयाची, ही किंबरची रीत त्याच्या मागेंहि टिकली. सप्टेंबर १९६२ मध्यें एम्. जी. बी. ही उघडी मोटार बाहेर पडली, आणि ऑक्टोबर १९६५ मध्यें तिची पक्क्या छपराची बहीण, एम्. जी. बी. जी. टी., लोकांपुढें आली. दोन दारांच्या आणि मागें उतरत जाणाऱ्या पक्क्या छपराच्या अशा गाडीला कूपे म्हणतात. हिच्या छपराची घडण ठरविण्यांत इटलींतील पिनिनफरिना ह्या प्रसिद्ध पेढीचा हात होता. ताशीं शंभर मैलांच्या किंचित् वर तिचा वेग जाई. उघड्या व छपराच्या मिळून अशा पांच लाखांहून अधिक गाड्या निघाल्या. त्यांत कूपे सव्वा लाखाच्या सुमारास होत्या.

ह्या गाडीच्या अंतरंगाशीं आपलाहि थोडासा संबंध आहे. तिचें १७९८ घनसेंटिमीटरचें, चार नळकांड्यांचें इंजिन ज्या घराण्यांतील, त्याचा आरंभ १९४७ सालच्या एका ऑस्टिन मोटारींत झाला. त्याच घराण्यांतील १४८९ घनसेंटिमीटरचें इंजिन उत्तरपाड्याच्या हिंदुस्थान मोटर्सनें आपल्या अँबॅसडरमध्यें बरींच वर्षें बसविलें. २०१४ सालीं निघेनाशी झालेली ती अँबॅसडर हमरस्त्यावरील कोणत्याहि मिस्त्र्यानें चार पान्यांनिशीं चालू करून द्यावी, हा अनुभव आपल्याकडील जुन्या पिढीला आहे. जें इंजिन आपल्या येथें जिल्ह्याच्या अधिकाऱ्यांना गांवोगांव नेत होतें, त्याचेंच थोरलें भावंड ह्या इंग्रजी कूपेच्या पोटांत होतें. दिसण्यांत ऐट आणि आंत साधेपणा, हेंच तिच्या दीर्घायुष्याचें पहिलें कारण होय.

परंतु साधें यंत्र झालें तरी तें उलगडून सांगणारा कोणी लागतो. अशा मोटारी दुसऱ्या-तिसऱ्या हातीं गेल्या म्हणजे त्यांची किंमत उतरे, आणि त्या बेताच्या पगाराच्या तरुणांच्या आटोक्यांत येत. त्यांना गॅरेजचें बिल परवडत नसे. त्यांतच ब्रिटिश सरकारनें १९६० सालीं दहा वर्षांहून जुन्या मोटारींची वार्षिक तपासणी सक्तीची केली, आणि १९६७ पर्यंत ती मुदत तीन वर्षांवर आणली. गाडी दुरुस्त करा, नाहीं तर घरीं ठेवा, असा प्रसंग आला. ह्या गरजेला ज्यांनीं उत्तर दिलें, त्यांत जॉन हेन्स (१९३८–२०१९) ह्यांचें नांव अग्रभागीं येतें. ह्यांचा जन्म सिलोनांत झाला. शाळेंत असतांनाच, १९५६ सालीं, जुन्या ऑस्टिन सेव्हनपासून वेगाची छोटी गाडी कशी बनवावी ह्याची पुस्तिका त्यांनीं काढली. पुढें विमानदळाच्या नोकरींत एडन येथें असतां एका सहकाऱ्याच्या ऑस्टिन-हीली स्प्राइट गाडीच्या दुरुस्तीस त्यांनीं हात घातला, तेव्हां कारखान्याची अधिकृत पुस्तिका सामान्य मालकाच्या फारशी उपयोगाची नाहीं, असें त्यांस आढळून आलें. ती पुस्तिका तरबेज कारागिरासाठीं लिहिलेली होती. हेन्स ह्यांनीं गाडी खोलतांना आणि जुळवितांना पायरीपायरीनें छायाचित्रें घेतलीं, आणि १९६६ सालीं त्यांतून पहिला दुरुस्ती-ग्रंथ निघाला. स्प्राइटहि अ‍ॅबिंग्डनचीच होती, हा योगायोग ध्यानांत ठेवण्यासारखा आहे. पुढें एम्. जी. बी.चाहि ग्रंथ आला. प्रत्यक्ष एक गाडी खोलून पुन्हां जोडावयाची, आणि मगच तिच्यावर लिहावयाचें, असा ह्या मालेचा नियम असे. जें ज्ञान आजवर गुरुशिष्यांच्या हातांतच फिरत होतें, तें अशा रीतीनें छापील होऊन घरोघर गेलें.

हें काम म्हणजे काय, हें थोडक्यांत सांगितलें पाहिजे. ह्या गाडीला बहुतेक देशांत एस्. यू. बनावटीचे दोन कार्ब्युरेटर असत. ह्याची मूळ कल्पना विसाव्या शतकाच्या आरंभीं जॉर्ज स्किनर ह्यांना सुचली. ते जोड्यांचा व्यापार करणाऱ्या घराण्यांतील होते, आणि त्यांच्या पहिल्या कार्ब्युरेटरांत चामड्याचा भाता होता! पुढें भात्याच्या जागीं धातूचा दट्ट्या आला. इंजिन जितकी हवा ओढील तितका हा दट्ट्या वर उठतो, आणि त्याला जडलेली निमुळती सुई पेट्रोलची वाट त्या मानानें मोकळी करते. दोन्ही कार्ब्युरेटर सारखी हवा घेतात कीं नाहीं, हें पाहण्यासाठीं मालक रबरी नळीचें एक टोंक कानाला आणि दुसरें कार्ब्युरेटरच्या तोंडाशीं धरून आंतला सूं-सूं आवाज ऐके. दट्ट्या किंचित् उचलला असतां इंजिनाचा वेग वाढून तसाच राहिला, तर पेट्रोल जास्त. इंजिन मंदावलें, तर कमी. वैद्यानें नाडी पाहावी तसाच हा प्रकार आहे. ह्याशिवाय झडपांमधील अंतर इंचाच्या पंधरा-सहस्रांशाइतकें आहे कीं नाहीं तें पातळ पात्यांनीं मोजावें, पुढच्या चाकांच्या खुंट्यांत वेळच्या वेळीं ग्रीस भरावें, तेल बदलावें, इत्यादि नित्यनैमित्तिक कर्में असत. रविवारची सकाळ आणि थोडी चिकाटी एवढ्यावर हीं कामें होत.

इंजिनाचा रोग असा ओरडून सांगतो. पत्र्याचा रोग मात्र मुका असतो. ह्या गाडीला निराळा सांगाडा नाहीं. तिचा पत्राच तिचा सांगाडा होय. दोन्ही दारांखालीं जो पोकळ उंबरठा आहे, त्यांत बाहेरचा, आंतला आणि मधला असे पत्र्याचे थर एकमेकांस सांधलेले असून गाडीचें बळ मुख्यतः त्यांत आहे. इंग्लंडांतील रस्त्यांवर हिंवाळ्यांत बर्फ वितळावा म्हणून मीठ टाकितात. तो खारट चिखल पुढच्या चाकाच्या मागें पंखाच्या पोकळींत सांचतो, आणि गंज तेथून उंबरठ्यांत उतरतो. आरंभींच्या गाड्यांत सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या बैठकांच्या मागें, जमिनीखालच्या खोबणींत ठेवीत. तेथें सहसा कोणाची दृष्टि जात नसे, म्हणून त्या खोबणीहि कुजत. बाहेरून रंग चकचकीत, आणि आंत लोखंडाचा भुगा, अशी स्थिति होई.

येथें मालकाच्या सचोटीची परीक्षा असे. खरी दुरुस्ती करावयाची तर गाडी समपातळींत टेकवून, दाराच्या फटी न हलतील अशी व्यवस्था करून, कुजलेला पत्रा निरोगी भागापर्यंत कापून काढावा लागे, आणि नवे थर एकामागून एक सांधावे लागत. हें आठवड्यांचें काम होतें. खोटी दुरुस्ती एका दुपारची होती: भोंकांत लांबी भरावी, किंवा गंजलेल्या उंबरठ्यावर नवा पत्रा चढवून वर रंग द्यावा. अशा गाड्या विकल्या जात, आणि त्यांत बसणाऱ्यांचा जीव त्या लांबीच्या थराच्या भरंवशावर राही. पुस्तकानें कौशल्य शिकविलें, तरी लाज शिकविणें हें पुस्तकाच्या हातचें नव्हतें.

दरम्यान कारखान्याचे दिवस भरत आले होते. सप्टेंबर १९७९ मध्यें अ‍ॅबिंग्डन बंद करण्याचा बेत जाहीर झाला, आणि ऑक्टोबर १९८० मध्यें शेवटची एम्. जी. बी. तेथून निघाली. कारखाना गेला म्हणजे सुटे भाग संपावे, आणि भाग संपले म्हणजे गाड्या भंगारांत जाव्या, असा सामान्य क्रम आहे. तो येथें चुकला, कारण मालक तोंपर्यंत संघटित झालेले होते. १९३० सालचा एम्. जी. कार क्लब होताच. १९७३ सालीं एम्. जी. ओनर्स क्लब निघाला. जुन्या गाड्यांच्या भागांसाठीं १९७५ सालीं ब्रिटिश मोटर हेरिटेज ही संस्था स्थापन झाली होती. तिनें पत्रा दाबण्याचे मूळ सांचे हुडकून काढले, आणि १९८८ सालीं उघड्या एम्. जी. बी.चा अखंड नवा सांगाडा विक्रीस ठेविला. पुढें कूपेचाहि सांगाडा मिळूं लागला. इतकेंच नव्हे, तर १९९२ सालीं ह्याच सांगाड्याच्या सुधारलेल्या आवृत्तीवर कंपनीनें आर्. व्ही. ८ ही नवी गाडी काढली, आणि त्या सुमारें दोन हजार गाड्यांतील बहुसंख्य जपानांत गेल्या.

आतां प्रश्न उद्भवतो कीं, सांगाडा नवा, पत्रा नवा, इंजिनाचे भागहि बदललेले. मग ती गाडी तीच म्हणावी काय? ह्यावर मालकांत वाद आहेत. आमच्या मतें देवळाच्या जीर्णोद्धाराला जें माप आपण लावितों तेंच येथें लावावें. शिखर नवें झालें, दगड बदलले, तरी पूजेचा क्रम तुटला नाहीं तर देऊळ तेंच. गाडीच्या बाबतींत हा क्रम म्हणजे तिला जाणणाऱ्या हातांची परंपरा होय. ती अखंड असेल, तर पत्र्याचें वय मोजण्याचें कारण नाहीं.

ही परंपरा आतां एका नव्या कसोटीस लागली आहे. मे २०१८ पासून ग्रेट ब्रिटनमध्यें चाळीस वर्षांहून जुन्या आणि मूळ घडणींत फारसा फेरफार न केलेल्या मोटारींस वार्षिक तपासणीची सक्ति राहिली नाहीं. गाडी रस्त्यावर आणण्यास योग्य ठेवण्याचें कायदेशीर ओझें मात्र मालकावर तसेंच आहे. म्हणजे पूर्वी परीक्षक हातोडीनें ठोकून जो उंबरठा पाही, तो आतां मालकानें स्वतः वांकून पाहावयाचा. कित्येक मालक सक्ति नसतांहि तपासणी करवून घेतात. त्यांचा विवेक आम्हांस प्रशंसनीय वाटतो.

नव्या मोटारींचें रहस्य तर पान्यानें उलगडत नाहीं; तें गणकयंत्रांच्या आज्ञावलींत दडलेलें असतें. म्हणूनच अमेरिकेंतील मॅसॅच्युसेट्स संस्थानांत २०१२ सालीं लोकांनीं मतदान करून मोटार-दुरुस्तीची माहिती खुली करण्याचा कायदा करविला, आणि भारत सरकारनेंहि २०२२ सालीं दुरुस्तीच्या हक्काविषयीं माहिती देणारें संकेतस्थळ उघडलें. हे प्रयत्न योग्यच आहेत. परंतु ह्या जुन्या कूपेचा इतिहास असें दाखवितो कीं, हक्क हा केवळ अर्धा भाग आहे. माहिती खुली असावी, सुटे भाग मिळावे, ह्या मागण्या कारखानदाराकडे व सरकारकडे करितां येतात. पण चकचकीत रंगाखालचा गंज पाहण्याची तयारी दुसऱ्याकडे मागतां येत नाहीं. जीर्णोद्धारास बसलेल्या गवंड्याला आधीं भिंतीवरचा रंग खरवडून आंतला चुना पाहावा लागतो. यंत्र असो, घर असो वा संस्था असो, जी मंडळी हें अप्रिय काम आधीं करितात, त्यांच्या हातूनच जुन्या वस्तु टिकतात.