बॅटरी का उतरते? : महाड-पोलादपूर परिसराच्या संदर्भात मोटारीच्या दोषनिदानाचा ऐतिहासिक मागोवा

प्रस्तावना :

डिसेंबर १९२७ मध्ये सत्याग्रह परिषदेसाठी डॉ. बाबासाहेब आंबेडकर व त्यांचे सहकारी मुंबईहून बोटीने दासगाव बंदरात उतरले आणि तेथून पायी महाडला आले. त्या काळी सावित्रीच्या खाडीचा जलमार्ग हा या भागाला मुंबईशी जोडणारा महत्त्वाचा दुवा होता. पुढे जलवाहतूक मागे पडली आणि मुंबई-गोवा महामार्गाला प्राधान्य आले. १९९८ मध्ये कोकण रेल्वे संपूर्ण मार्गावर धावू लागली, तरी महाड व पोलादपूर ही दोन्ही शहरे लोहमार्गापासून दूरच राहिली. परिणामी कशेडी व आंबेनळी या दोन घाटांच्या पायथ्याच्या या प्रदेशात मोटार ही चैनीची नव्हे, तर गरजेची वस्तू ठरली. रात्री रुग्णाला हलविण्याची वेळ यावी आणि गाडीने ‘सेल्फ’ घेऊ नये, ही परिस्थिती येथे केवळ गैरसोयीची राहत नाही.

बॅटरी वारंवार उतरू लागली की ती बदलून टाकणे हा आज सर्वमान्य उपाय झाला आहे. परंतु बॅटरी उतरणे हा रोग नसून लक्षण आहे, आणि त्यामागची कारणे मोटारीच्या विद्युतरचनेबरोबर बदलत गेली आहेत. प्रस्तुत लेखात या बदलांचा मागोवा घेऊन निदानाचा क्रम मांडण्याचा प्रयत्न केला आहे.

हँडल ते सेल्फ :

पुन्हा भारित करता येणारी शिसे-आम्ल बॅटरी फ्रेंच शास्त्रज्ञ गास्तों प्लांते यांनी १८५९ मध्ये सिद्ध केली. १८८१ मध्ये कामीय फोर यांनी शिशाच्या संयुगाचा लेप दिलेल्या पट्ट्या वापरून तिची क्षमता वाढविली. मोटारीत मात्र तिला मध्यवर्ती स्थान मिळाले ते १९१२ मध्ये, चार्ल्स केटरिंग यांचा विजेचा स्टार्टर कॅडिलॅक मोटारीत बसविण्यात आला तेव्हा. तोपर्यंत इंजिन हँडल मारून सुरू करावे लागे. स्टार्टरमुळे चालकाचे श्रम वाचले, पण गाडी बॅटरीवर अवलंबून राहू लागली.

डायनामोचा काळ :

अँबॅसिडर व फियाट या गाड्यांच्या सुरुवातीच्या आवृत्त्यांत डायनामो असे. इंजिन मंद गतीने फिरत असताना डायनामो पुरेशी वीज देत नाही. त्यामुळे दिवे लावून हळू जाणारी किंवा वारंवार थांबणारी गाडी बॅटरीतून जितके घेई, तितके तिला परत मिळत नसे. पट्टा सैल होणे, कार्बन झिजणे, कटआऊट बिघडणे ही त्या काळातील नेहमीची कारणे होत. साहजिकच तत्कालीन कारागीर प्रथम वीजनिर्मितीच्या बाजूकडे पाहत असे. गाडी उतारावर लावून ठेवणे व प्रसंगी धक्का मारून सुरू करणे हे चालकांचे हुकमी उपाय होते.

आल्टरनेटर आणि ‘देखभालमुक्त’ बॅटरी :

डिसेंबर १९८३ मध्ये मारुती ८०० बाजारात आली आणि आल्टरनेटर असलेली छोटी मोटार सामान्य कुटुंबापर्यंत पोहोचू लागली. आल्टरनेटर कमी गतीतही समाधानकारक वीज देतो. यामुळे संशयाचे केंद्र बॅटरीकडे सरकले. झाकणे उघडून डिस्टिल्ड पाण्याची पातळी पाहणे आणि हायड्रोमीटरने प्रत्येक सेलमधील आम्लाची घनता मोजणे ही कारागिराची मुख्य परीक्षा होती. पाच सेल सारखे व एक खाली असेल, तर ‘सेल मेला’ हे निदान निर्विवाद ठरे.

पूर्वीच्या पट्ट्यांत शिशाबरोबर अँटिमनी असे. त्यामुळे पाणी लवकर आटे आणि बॅटरी आपोआपही अधिक वेगाने उतरे. कॅल्शियमयुक्त पट्ट्यांमुळे हे दोष कमी झाले व बंद झाकणाच्या बॅटऱ्या आल्या. सोय वाढली, पण सेलच्या आत पाहण्याची वाट बंद झाली. दृष्टीने व अनुभवाने होणारे निदान आता व्होल्टमीटरवर आले.

आजचा अदृश्य खर्च :

आजच्या गाडीत चावी काढल्यानंतरही संगणकीय नियंत्रक, घड्याळ, सेंट्रल लॉक व अलार्म थोडी वीज घेत राहतात. ३५ अँपिअर-तास क्षमतेच्या बॅटरीतून ३० मिलिअँपिअर प्रवाह जात असेल, तर निम्मी वीज संपण्यास सुमारे २४ दिवस लागतात. डिकीतील दिवा चालू राहिल्याने वा बाहेरून बसविलेल्या साऊंड सिस्टिममुळे हाच प्रवाह ३०० मिलिअँपिअर झाला, तर तेवढ्यासाठी अडीच दिवस पुरतात. मार्च २०२० मधील टाळेबंदीत उभ्या राहिलेल्या गाड्यांनी ही गोष्ट अनेकांच्या लक्षात आणून दिली.

स्थानिक हवामानाचाही येथे विचार करावा लागतो. उन्हाळ्यातील उष्णतेने बॅटरीची आतील झीज वाढते, तर प्रदीर्घ पावसाळ्यातील दमटपणामुळे टर्मिनल व जोडण्या गंजतात. जुलै २०२१ च्या महापुरात महाड शहर पाण्याखाली गेले. अशा पाण्यात बुडालेल्या गाडीच्या वायरिंगमध्ये गाळ व ओल शिरते. गाडी दुरुस्त होऊन धावू लागली तरी गंजलेल्या जोडणीतून होणारी गळती काही महिन्यांनीही प्रकट होऊ शकते. अशा वेळी नवी बॅटरीदेखील उतरतच राहते.

निदानाचा क्रम :

या तिन्ही कालखंडांतील कारणे आजच्या गाडीत एकत्र नांदतात. म्हणून तपासणी पुढील क्रमाने व्हावी.

१. टर्मिनल व अर्थिंगची पट्टी स्वच्छ व घट्ट आहे का, हे पाहावे.
२. बॅटरी पूर्ण भारित करून काही तास तशीच ठेवावी. सुमारे १२.६ व्होल्ट म्हणजे पूर्ण आणि १२.२ म्हणजे साधारण निम्मी भारित. भार न लावताच ती पुन्हा वेगाने उतरल्यास दोष बॅटरीतच आहे.
३. दाब चांगला दिसला तरी भारचाचणी करावी. थकलेली बॅटरी स्टार्टर फिरविताना कोसळते.
४. इंजिन चालू असताना दाब साधारणतः १३.८ ते १४.४ व्होल्ट असावा. तो कमी असल्यास पट्टा, आल्टरनेटर व रेग्युलेटर तपासावे.
५. गाडी बंद करून ऋण तारेत अँपिअरमापक जोडावा. नियंत्रक निद्रिस्त होण्यास अर्धा ते एक तास द्यावा. प्रवाह ५० मिलिअँपिअरहून बराच अधिक असल्यास एकेक फ्यूज काढून पाहावा. ज्या फ्यूजने प्रवाह घटतो, त्या शाखेत गळती असते. मापक जोडलेला असताना स्टार्टर कदापि लावू नये. सर्व फ्यूज काढूनही प्रवाह कायम राहिला, तर आल्टरनेटरच्या डायोडकडे वळावे.

निष्कर्ष :

वरील विवेचनावरून असे म्हणता येईल की, तंत्रज्ञानाने बॅटरीची देखभाल कमी केली, परंतु निदानाची गरज कमी केली नाही. कारण न शोधता बदललेली प्रत्येक बॅटरी म्हणजे कुटुंबाच्या खर्चाबरोबरच शिसे व आम्लाच्या कचऱ्यातील भर होय. या कचऱ्यासाठी २००१ मध्ये नियम झाले आणि २०२२ च्या नियमांनी उत्पादकांवरील जबाबदारी वाढविली. तथापि कचरा निर्माणच होऊ न देण्याचे काम गॅरेजमधील कारागिराच्या हाती आहे. डायनामोपासून संगणकीय गाडीपर्यंतचे ज्ञान हातात बाळगणाऱ्या कारागिरांची पिढी आता वृद्ध होत आहे. स्थानिक महाविद्यालयांनी त्यांच्या मुलाखती व कार्यपद्धती नोंदवून ठेवणे, हे प्रादेशिक इतिहासलेखनाचे एक निकडीचे काम ठरते.